घेऊ का?

कपाट म्हणायचे त्याला. दारातून आत यायचं झालं की आधी दाराकडं बघायचा, मग स्वतःकडं, मग जरा तिरका व्हायचा आणि शिरायचा. वीस वर्षं लोकांची बिऱ्हाडं हलवली होती त्यानं, या घरातून त्या घरात. पलंग, शिवणाची मशिनं, आरसेवाली कपाटं. जिना कितीही अरुंद असू दे, खालची बाजू धरणार हा आणि वरची त्याचा मेव्हणा, बायकोचा भाऊ. मेव्हणा काटकुळा, पण तोंडाची टकळी दिवसभर चालू. हा एवढा थोरला आणि तोंडाला कुलूप. लोक म्हणायचे, कपाटच आहे ते, किल्ली हरवलेलं.

त्याची बायको धुलाईच्या दुकानात इस्त्रीला असायची, तिथली माझी ओळख. ती म्हणायची, "मावशी, लग्नाला अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हे माझ्याशी जेवढं बोलले ना, ते एका पोस्टकार्डावर मावेल. वर पत्त्यालाही जागा उरेल."

पण माणूस लोण्यासारखा. त्याची आई शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळली होती. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दर आठवड्याला हा तिला दोन्ही हातांवर घेऊन खाली आणायचा, दवाखान्यात न्यायचा आणि परत वर. म्हातारी सांगायची, "मी म्हणजे त्याच्या हातातला पाण्याचा पेला. एकदासुद्धा सांडले नाही." ती गेली तरी शेजारपाजारचे याला बोलवायचे. कुणाचे वडील मोरीत घसरले, कुणाच्या सासूला खुर्चीत बसवायचंय. हा जायचा, उचलायचा, ठेवायचा आणि चहाला थांबायच्या आत निघून यायचा.

पुढं सामान हलवणाऱ्या कंपनीनं गाशा गुंडाळला. मेव्हणा गेला बसवर कंडक्टर म्हणून, तोंड होतं ना त्याच्याकडं. हा राहिला घरी. तेव्हा दवाखान्यातल्या मोठ्या नर्सनं निरोप पाठवला. तिनं याला आईला उचलताना पाहिलेलं. म्हणाली, "पेशंटच्या देखभालीला माणूस घ्यायचाय. पण कागदाशिवाय मी कुणाला घेऊ शकत नाही. सहा महिन्यांत कोर्सचं सर्टिफिकेट आण, तोवर जागा धरते. त्यापुढं माझ्या हातात नाही." बायको म्हणाली, करा. हा काहीच बोलला नाही, म्हणजे हो.

आता मी, तुझी आजी, यात कुठून आले, तेही लिही बाळा.

ते शिकवायचं केंद्र आमच्या समोरच्याच इमारतीत. खाली चष्म्याचं दुकान आणि वर एक लांबलचक खोली. चार लोखंडी खाटा, त्यातल्या एकीचं चाक कुईकुई करणारं. कोपरानं चालू होणारा नळ. चाकाची खुर्ची. आणि एक मोठा रबरी बाहुला, त्याचा डावा पाय निखळलेला, तो शेजारी टेबलावर ठेवलेला. शिकवायला रिटायर झालेल्या एक नर्स होत्या, त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणायचे. मी सकाळी उन्हाला खाली बाकावर बसायचे. एक दिवस त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "आजी, एक काम आहे, कराल का? नुसतं झोपायचंय."

मी म्हटलं, "बाई, उभ्या जन्मात मला झोपायचं काम कुणी दिलं नाही. कधीपासून येऊ?"

झालं होतं काय, की बाहुल्यावर सगळ्यांना सगळं जमायचं. बाहुला कण्हत नाही, लाजत नाही, त्याला गुदगुल्या होत नाहीत. आमच्या कपाटानं तर पहिल्या दिवशी त्याला काखोटीला मारून खिडकीशी नेलं आणि सिस्टरबाईंना विचारलं, "कुठं ठेवू?" तेव्हा त्या म्हणाल्या, आता जिवंत माणूस पाहिजे. तर ते जिवंत माणूस मी. मला सांगितलं, तुमची डावी बाजू लुळी. डावा हात, डावा पाय आपला नाहीच असं समजायचं. माझ्या कपड्यांवरून एक पुढं बटणं असलेला सदरा घालायचे, तो काढायचे, परत घालायचे. कुशीवर वळवायचे, पाठ पुसायचे, भरवायचे. दुपारी चहा आणि बिस्किटं. तुझी आजी पाच महिने अशी राणीसारखी लोळत होती.

मी सिस्टरबाईंना विचारलं, "या पोरांची परीक्षा कशी असते? शंभरात पस्तीस मिळाले की पास?"

"आजी," त्या म्हणाल्या, "पस्तीस टक्केच पुसलेली पाठ चालेल तुम्हाला?"

मी म्हटलं, "छे, उरलेल्या पासष्टाला खाज सुटेल."

"तर मग. इथं मार्क नाहीत आणि पहिला नंबरही नाही. कामं अकरा आहेत. हात धुण्यापासून खुर्चीत बसवण्यापर्यंत, पेशंटला विचारून हात लावणं हेही त्यातलंच एक. एकेका कामात काय काय दिसलं पाहिजे ते आधीच लिहून दिलेलं असतं. चोरून ठेवलेलं काही नाही. ते सगळं करून दाखवलं तर 'जमतं'. नाही तर 'अजून नाही'."

"आणि नापास?"

"तो शब्दच नाही आमच्या कागदावर. जे राहिलं तेवढं परत शिकायचं, तेवढंच परत दाखवायचं."

कागदावर खरं तर 'सक्षम' असा जड शब्द असायचा, पण आम्ही सगळे 'जमतं'च म्हणायचो. मला आपलं ते 'अजून नाही' फार आवडलं. मला शाळेत दोनच दिवस पाठवलं होतं, तिसऱ्या दिवशी धाकट्याला सांभाळायला घरी ठेवून घेतलं. इतकी वर्षं कुणी विचारलं, लिहायला येतं का, की मी मान खाली घालायचे. आता ताठ मानेनं सांगते, अजून नाही.

"आणि तपासणार कोण? तुम्हीच?"

"मी कशी? मी शिकवलं आणि मीच तपासलं, तर ते आईनंच पोराचं नाक पुसून म्हणावं, किती देखणं आहे गं, तसं होईल. बाहेरची बाई येते."

कपाट कामात सोनं होता. खुर्ची आणली की सगळ्यात आधी वाकून तिचा ब्रेक लावायचा, कुणी न सांगता. पाणी कोपर बुडवून बघायचा. मला उचलायचा तर गुडघ्यात वाकून, अंगाशी धरून, म्हणजे पाठीला झटका नाही, त्याच्याही आणि माझ्याही. सदऱ्याचा नियम होता तो इतर पोरांना पाठच होईना: घालताना लुळा हात आधी, काढताना धड हात आधी. हा एका दिवसात शिकला. सिस्टरबाईंनी विचारलं, कसं लक्षात राहिलं? तर म्हणाला, "अवघड बाजू आधी आत. दारातून नेताना तसंच असतं."

एवढं बोलला आणि चार दिवस गप्प.

तेच तर दुखणं होतं. लिहून दिलेल्या कागदावर स्पष्ट होतं, की हात लावायच्या आधी पेशंटला विचारायचं, काय करणार ते सांगायचं, आणि तो हो म्हणाला की मगच करायचं. सिस्टरबाई रोज कानीकपाळी ओरडायच्या. हा रोज मान डोलवायचा. आणि माझ्याजवळ आला की ओठ मिटलेले. एकदम डोळ्यांसमोर हे भलंमोठं अंग यायचं आणि मी हवेत! एकदा तर मी बिस्किट खात होते, ते अर्धं खाटेवरच राहिलं.

तपासणीचा दिवस आला. सहा महिने भरायला अठरा दिवस उरले होते. बाहेरून बाई आल्या. बारीक चणीच्या, छातीशी पाटी, पाटीला कागद अडकवलेले, कानावर पेन. मी त्यांना मनातल्या मनात पाटीवाल्या बाई म्हटलं. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "घाई करू नका. कोण आधी संपवतं हे मी बघत नाही. तुमची शर्यत शेजारच्याशी नाही, समोरच्या कामाशी आहे." आणि कोपऱ्यात उभ्या राहिल्या. चूक झाली तरी चेहरा हलेना, बरोबर झालं तरी हलेना. पेन तेवढं हलायचं.

कपाटाचे हात थंडगार पडले होते. मला लागले ना ते! कपाळावर घाम. दारात त्याची बायको उभी, इस्त्रीचं दुकान टाकून आलेली. मला त्याची इतकी दया आली, इतकी दया आली, की विचारू नकोस. एकेक काम झालं. हात धुणं, चादर बदलणं, ताप बघणं, भरवणं, खुर्ची. पेन हलत होतं. मग सदरा आला. त्यानं डावी बाही हातात घेतली, जरा थांबला, बाही उलटी की सुलटी बघत राहिला. आणि मी काय केलं सांगू? मी माझा डावा हात हळूच उचलला आणि बाहीत सारला.

पेन थांबलं.

"आजी," पाटीवाल्या बाई म्हणाल्या, "तुमचा डावा हात लुळा आहे ना?"

मी म्हटलं, "आता जरा बरा वाटतोय."

सगळी खोली हसली. पाटीवाल्या बाई सोडून.

संध्याकाळी कागद मिळाले. आमच्या कपाटाला नऊ ठिकाणी 'जमतं', दोन ठिकाणी 'अजून नाही'. एक सदऱ्याचं. दुसरं, न विचारता पेशंटला हात लावला, चार वेळा.

मी पाटीवाल्या बाईंच्या मागे जिन्यापर्यंत गेले. "अहो, दुसऱ्याचं राहू द्या, पण सदरा तरी द्या हो. त्याला येतो. पाच महिने मी घालून घेतेय. हात मी उचलला, पाप माझं, शिक्षा त्याला कशाला?"

त्या थांबल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "शिक्षा नाही, आजी. त्यांना येत असेलही. पण मी पाहिलेलं नाही, आणि जे पाहिलं नाही ते मी लिहीत नाही. उद्या दवाखान्यात एखादी बाई यांच्या हाती येईल, तिचा हात खरंच लुळा असेल. ती तुमच्यासारखा उचलून देणार नाही. तेव्हा माझ्या सहीवर विसंबूनच तिला यांच्या हाती दिलेलं असेल." मग म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी येते. फक्त ही दोन कामं बघीन."

मी जिना उतरले.

कपाट खाली चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर बसला होता. मी शेजारी टेकले. म्हटलं, "अरे, माझ्यामुळं अडलं तुझं."

"एक तुमच्यामुळं. एक माझ्यामुळं," तो म्हणाला.

"मग विचारत का नाहीस रे मेल्या? पाच महिने सांगताहेत."

"काय विचारायचं तेच सुचत नाही, मावशी. आईला कधी विचारलं नाही. तिला कळायचं."

"आणि कपाटं उचलताना? तेव्हाही मुकाट्यानं?"

"छे! तिथं बोलावंच लागतं. वरच्याला न विचारता उचललं तर त्याची बोटं चिरडतील."

"मग काय बोलायचास?"

त्यानं छाती भरून घेतली आणि रस्त्यावरचं कुत्रं उठून उभं राहील अशा आवाजात म्हणाला, "घेऊ का?" मग साध्या आवाजात, "मेव्हणा म्हणायचा, घे. मग घ्यायचं."

किल्ली त्याच्या खिशातच होती की रे!

"मग मला वरची बाजू समज ना," मी म्हटलं. "खाली तू, वर मी. बोटं माझीही चिरडतातच की. आजपासून मी तुझा मेव्हणा."

तो हसला. पहिल्यांदा हसताना पाहिलं मी त्याला, पायरी हलली असेल. बायको इस्त्रीचं दुकान आवरून परत आली तर म्हणते, "काय झालं यांना?" मी म्हटलं, "काही नाही गं, तुझा भाऊ भेटला."

पंधरा दिवस सराव. तो "घेऊ का?" विचारी, मी "घे" म्हणे. आवाज तेवढा अर्ध्यावर आणायला सिस्टरबाईंना चार दिवस लागले. मग पुढचंही सुचायला लागलं त्याला. "बाही घालतोय, मेव्हणे." "कुशीवर वळवू का, मेव्हणे?" बाकीची पोरं हसून हसून खाटांवर लोळायची.

आणि मी घरी सराव केला. माझंच तर चुकलं होतं ना! डावा हात उचलायचाच नाही असं ठरवलं. सकाळी तुझी आई म्हणाली, "आई, जरा ते पातेलं धरा." मी उजव्यानं धरलं, डावा तसाच लोंबता. ती बघत राहिली. "हाताला काय झालं?" मी म्हटलं, "लुळा आहे." अगं बाई! तिनं पातेलं टाकलं, तुझ्या बापाला फोन केला, तो कारखान्यातून अंगावरच्या कपड्यानिशी धावत आला, सोबत रिक्षा घेऊन. मी सांगतेय, अरे अभ्यास चाललाय माझा, तर कुणी ऐकेना. शेवटी रिक्षावाल्याला दोन्ही हातांनी टाळी वाजवून दाखवली, तेव्हा कुठं यांचा जीव भांड्यात पडला. तू हसतोयस, पण त्या दिवशी तूच सगळ्यात मोठ्यानं रडत होतास.

दुसऱ्यांदा पाटीवाल्या बाई आल्या तेव्हा नर्सनं दिलेल्या मुदतीचे तीनच दिवस उरले होते. मी खाटेवर पडले होते. त्या माझ्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "आजी, आज एक मदत करा. ते विचारतील तेव्हा एकदा 'नको' म्हणा. केव्हा, ते तुमचं तुम्ही ठरवा. त्यांना काही बोलू नका."

पंधरा दिवस 'घे, घे' म्हणून माझी जीभ तयार झालेली. आणि त्याचीही तीच ऐकायची सवय. आता नको म्हटलं तर हे गोंधळून परत मुकं झालं तर? जागा गेली, सगळं गेलं. पण जिन्यातलं बाईंचं बोलणं डोक्यात होतं. एकदा मदत करून बघितली होती मी, काय भलं झालं होतं?

सुरुवात झाली. माझ्या डाव्या हातावर एक माशी येऊन बसली. बसली ती बसलीच, फेऱ्या मारायला लागली. मी हलले नाही! दात दाबून पडून राहिले. कपाटानं बघितलं. "मेव्हणे, माशी हाकलू का?" मी म्हटलं, "हाकल बाबा, लवकर हाकल." पाटीवाल्या बाईंनी पेनाची टोपी दातात धरली. मला वाटतं, त्या हसू दाबत होत्या.

सदरा झाला. माझा हात ओल्या टॉवेलसारखा जड, बोटं त्यानं एकेक करून बाहीतून अलगद काढली, खांद्याला ओढ म्हणून बसू दिली नाही. मग खाटेवरून खुर्चीत. खुर्ची आणली, ब्रेक लावला, गुडघ्यात वाकला, माझ्या डोळ्यांकडं बघितलं.

"घेऊ का?"

मी डोळे मिटले आणि म्हटलं, "नको."

दाराशी त्याची बायको, तिनं पदर तोंडाशी नेलेला. मी एक डोळा किलकिला केला. कपाट तसाच वाकलेला. मला वाटलं, संपलं.

मग त्यानं हात सावकाश मागे घेतले, सरळ झाला, स्टूल ओढलं आणि माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "बरं. टेकू या मग."

आणि बसून राहिला. ना घाई, ना चुळबुळ. जरा वेळानं म्हणाला, "कुठं दुखतंय का?" मी म्हटलं, "नाही." "पाणी देऊ?" "दे." पाणी दिलं, उशीशी हात धरून, तोंड पुसलं. परत बसला. चष्म्याच्या दुकानातून कुणीतरी अक्षरं वाचत होतं ते ऐकू येत होतं, इतकं शांत. मग म्हणाला, "खिडकीशी ऊन आलंय. खुर्ची तिकडं लावीन. आता घेऊ का?"

मी म्हटलं, "घे रे माझ्या राजा."

ते 'माझ्या राजा' ठरलेलं नव्हतं, तोंडातून गेलं. मी उन्हात कधी जाऊन बसले मला कळलंसुद्धा नाही. पेला सांडला नाही.

पाटीवाल्या बाईंनी त्याला विचारलं, "त्या नको म्हणाल्या तेव्हा तुम्ही थांबलात. का?"

तो म्हणाला, "वरचा नको म्हणाला की उचलायचं नसतं. त्याचा हात घसरत असेल, पाय नीट नसेल. त्याला दिसतं ते खालच्याला दिसत नाही. टेकायचं आणि थांबायचं."

बाईंनी लिहिलं. बराच वेळ लिहीत होत्या. दोन्हीकडं 'जमतं'. त्याची बायको दाराशीच रडायला लागली आणि हसायलाही लागली, आणि हा तिच्याजवळ जाऊन सगळ्यांसमोर विचारतो, "पाणी देऊ?" ती म्हणाली, "आता पोस्टकार्ड पुरायचं नाही हो मला!"

बाई निघाल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, "आणि माझं? मीही दोनदा बसलेय परीक्षेला." त्यांनी पाटीवरचा एक कोरा कागद काढला, चार शब्द लिहिले, सही केली. तूच वाचून दाखवला होतास मला, आठवतं? 'पेशंट, डावा हात लुळा: जमतं.' डब्यात आहे अजून, माझ्या चष्म्याखाली.

तिसऱ्या दिवशी कपाट दवाखान्यात लागला. पहिली पाळी संपवून संध्याकाळी सरळ आमच्याकडं आला, दारात तिरका होऊन. चहा दिला तर चक्क बसून प्यायला. मी विचारलं, कसं झालं?

"एक आजोबा होते, मेव्हणे. तीन दिवस कुणाला हात लावू देत नव्हते. मी विचारलं, घेऊ का? म्हणाले, नको. बसलो. परत विचारलं, नको. परत बसलो. तिसऱ्यांदाही नको."

"अरे देवा. आणि चौथ्यांदा?"

त्यानं कप खाली ठेवला.

"चौथ्यांदा मी विचारलंच नाही. तेच म्हणाले, 'किती वेळ बसतोस? घे.'"